ताण दिला की टोमॅटो गोड

झाडाला ताण कसा द्यायचा, हे जालन्याच्या मोसंबीवाल्याला शिकवावं लागत नाही. बहर धरायचा तर आधी पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि मग खतपाणी सोडायचं, ही इथल्या बागांची जुनी रीत. अंगणात किंवा गच्चीवर बोराएवढे चेरी टोमॅटो लावणाऱ्यालाही हीच विद्या कामी येते; फक्त मात्रा पुष्कळ कमी.

टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. साखर मुख्यतः पानांत तयार होऊन फळात उतरते. फळ लहान असेल तर ती थोड्याच पाण्यात मुरते. ही गोडी ब्रिक्सच्या अंशांत मोजतात: भाजीच्या साध्या टोमॅटोत ४ ते ५, चांगल्या चेरी टोमॅटोत ८ किंवा त्याहून जास्त. मोठं फळ आणि भरघोस उतारा यांच्या मागे लागताना चव मागे पडली, हे आता संशोधकही मान्य करतात. फळ सगळीकडून एकसारखं रंगावं म्हणून पैदासकारांनी जो जनुकीय बदल पसरवला, त्यानेच फळातलं हरितद्रव्य आणि पर्यायाने साखर घटली, असं २०१२ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. देठाजवळ हिरवट खांदा असलेलं कच्चं फळ पाहून नाक मुरडण्याचं म्हणूनच काही कारण नाही.

मराठवाड्याला बारका टोमॅटो तसा नवा नाही. उकिरड्यावर, न्हाणीच्या पाण्यावर आपोआप उगवणारी भेदरं चटणीला झकास लागतात, पण असतात आंबट. गोडीच हवी तर वाण निवडून घ्यावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा चेरी टोमॅटो-१’ आहे, शिवाय कंपन्यांचे संकरित वाण मिळतात.

संकरित बियाण्याचं तर जालना माहेरघरच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. आज जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात शेडनेटखाली भाजीपाल्याचं बियाणं पिकवलं जातं. तिथलं काम पाहण्यासारखं असतं. उमलण्याच्या आदल्या दिवशी कळी चिमट्याने हलकेच उघडून आतले पुंकेसर काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर नर वाणाचा पराग लावायचा. एकेका फुलाचं हे काम हातानेच होतं, आणि ते बहुतेक बायकाच करतात. संकरित बियाण्याचं पाकीट महाग का, याचं उत्तर त्या चिमट्यात आहे. अशा फळाचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर मात्र झाडं सरमिसळ निघतात. घरचं बी राखायचं असेल तर सरळ वाणच घ्यावा.

गणपती उठले की बी टाकावं, कोजागरीच्या सुमारास रोपं लावावीत. फळं मग थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत हाती येतात. उन्हाळ्याचा हट्ट धरू नये. पारा ३५ अंशांवर गेला की पराग निकामी होऊ लागतो, फुलं गळतात. त्याच सुमारास लाल रंगही नीट भरत नाही. जालन्याचा एप्रिल चाळिशी गाठतो.

कुंडी लहान घेणं ही सर्रास होणारी चूक. चेरीचा वेल माणसाच्या उंचीच्या वर जातो, त्याला १५ ते २० लिटरची बादली तरी हवीच. नुसती काळी माती घट्ट बसते, म्हणून तिच्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. काठी रोवून सुतळीने सैल बांधावं आणि बगलफुटी कोवळ्या असतानाच खुडाव्यात. फुलं आली की सकाळी झाडाला हलकी टिचकी मारावी, पराग आपसूक झडतो. पांढरी माशी दिसली तर पिवळे चिकट सापळे टांगावेत, कारण पानं आकसवणारा विषाणू तीच आणते.

पाण्याचं गणित मात्र जपावं. रोप जोमात येईपर्यंत पाणी नियमित द्यावं. फळं भरून रंग धरू लागली की ते हळूहळू कमी करावं. दुपारी पानं जराशी झुकली, संध्याकाळी सावरली, तर ताण बरोबर बसला. उतारा थोडा घटतो, गोडी वाढते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरात हा सौदा परवडणारा आहे. पण चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी बादलीभर ओतलं, तर साल तडकते आणि तडकलेल्या फळावर मुंग्या लागतात. पूर्ण रंगलेलं फळ देठासकट तोडावं आणि फ्रिजबाहेर टोपलीतच ठेवावं, कारण थंडाव्यात टोमॅटोचा वास उडतो.