‘मानवी कॅमेरा’ या बिरुदाची दुसरी बाजू

लंडनचे चित्रकार स्टीफन विल्टशर यांनी २००५ साली हेलिकॉप्टरमधून टोकियो शहरावर एक छोटीशी फेरी मारली आणि खाली उतरल्यावर सात दिवसांत ते अफाट शहर सुमारे दहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर केवळ स्मरणाच्या बळावर उभे केले. पुढे रोम, हाँगकाँग, माद्रिद, दुबई अशा अनेक शहरांची विस्तीर्ण चित्रे त्यांनी याच रीतीने काढली. २००९ साली न्यूयॉर्कवरची त्यांची फेरी तर अवघ्या वीस मिनिटांची होती. वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने त्यांना ‘मानवी कॅमेरा’ हे बिरूद बहाल केले आणि ते त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. देणाऱ्यांचा हेतू निःसंशय गौरवाचाच होता. परंतु एखाद्या गवयाला ‘मानवी ग्रामोफोन’ म्हटले, तर तो गौरव ठरेल काय? हा साधा प्रश्न विल्टशर यांच्या बाबतीत सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो येत नाही याचे कारण असे, की विल्टशर यांना ऑटिझम आहे. आपण मराठीत ज्यांना स्वमग्न म्हणतो, त्यांपैकी ते एक आहेत.

वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबात १९७४ साली लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. मूल बोलत नव्हते. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचे निदान झाले. पाचव्या वर्षी ते क्वीन्समिल या शाळेत गेले आणि तेथे या मुलाला चित्रे काढण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही, हे शिक्षकांच्या ध्यानात आले. त्याने बोलावे म्हणून ते चित्रांचे साहित्य दूर ठेवीत. अखेर मुलाने तोंडातून काढलेला पहिला शब्द होता ‘कागद’. १९८७ साली बी.बी.सी.ने अशा मुलांवरचा एक माहितीपट दाखविला. ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीचे माजी अध्यक्ष सर ह्यू कॅसन यांनी त्यात या मुलाची गणना देशातील सर्वोत्कृष्ट बालचित्रकारांत केली. माहितीपटाचे नाव मात्र ‘मूर्ख शहाणे’ अशा अर्थाचे होते. समर्थांनी दासबोधात वर्णिलेल्या पढतमूर्खाशी या मुलांचा काही संबंध नाही. ही कल्पना लॅंग्डन डाउन या इंग्रज वैद्याने १८८७ साली रूढ केलेल्या ‘इडियट साव्हाँ’ या शब्दप्रयोगातून आली आहे. म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीही, चित्रकाराची ओळख करून देताना आधी मूर्खपणाची ग्वाही देणे आवश्यक वाटत होते.

‘ऑटिझम’ हा शब्दच मुळात ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनला. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी योजला आणि १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेतील अकरा मुलांचे वर्णन करताना तो या अवस्थेसाठी वापरला. आपण त्याचे भाषांतर ‘स्वमग्नता’ असे केले. शब्द सुटसुटीत आहे, पण त्याने केलेली दिशाभूल लहान नाही. ‘आत्ममग्न’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कवी उभा राहतो. ‘स्वमग्न’ म्हटले की जगाकडे पाठ फिरवून बसलेले, कोणाचीही पर्वा नसलेले मूल. वस्तुतः यांतील अनेकांची अडचण अगदी उलट असते. बाजारातील गलका, ट्यूबलाइटची गुणगुण, अंगावरच्या कापडाची शिवण, हे सारे जग त्यांच्यावर एकदम आणि अंगावर येईल इतक्या तीव्रतेने आदळत असते. ज्याला जग इतके लागते त्याला ‘स्व’मध्ये मग्न म्हणावे, हा भाषेचा विनोदच म्हणावयाचा.

एकदा आत कोणी नाही असे ठरले, की बाहेर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे लक्षण म्हणूनच पाहिले जाते. शिकागोचे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९५९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात जोई नावाच्या मुलावर एक लेख लिहिला. आपण यंत्र आहोत अशा कल्पनेत वावरणाऱ्या या मुलाला त्यांनी शीर्षकातच ‘यांत्रिक मुलगा’ म्हटले आणि लेखाबरोबर त्याची चित्रे छापली. ती कशासाठी, तर रोगाचा पुरावा म्हणून. पुढे १९६७ साली याच बेटेलहाइम यांनी ‘रिकामा किल्ला’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून दोष आयांच्या शीतलतेवर ढकलला. तो सिद्धांत शास्त्राने केव्हाच टाकून दिला; किती आयांचे आयुष्य त्यापायी अपराधीपणात गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. रिकाम्या किल्ल्याची कल्पना मात्र टिकून राहिली. ‘यांत्रिक मुलगा’ आणि ‘मानवी कॅमेरा’ यांच्यात अंतर आहे ते केवळ सुराचे. पहिल्यात कीव आहे, दुसऱ्यात टाळ्या आहेत. माणूस दोन्हींत नाही.

नॉटिंगहॅमच्या नादियाची कथा याहून करुण आहे. १९६७ साली जन्मलेली ही मुलगी साडेतीन वर्षांची असल्यापासून साध्या बॉलपेनने घोडे काढू लागली. ते दौडते, मान वळविलेले, समोरून अंगावर येणारे घोडे होते. प्रौढ चित्रकारालाही जड जावे असे यथादर्शन त्यांत होते. मानसशास्त्रज्ञ लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे शाळेत तिला बोलावयास शिकविण्याचे प्रयत्न झाले, याच सुमारास तिची आई निवर्तली, आणि चित्रे आटत गेली. भाषा आली म्हणून प्रतिभा गेली, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. निकोलस हम्फ्री यांनी तर १९९८ साली तिचे घोडे हिमयुगीन गुहाचित्रांशेजारी ठेवून, ती चित्रे काढणाऱ्या आदिमानवालाही आपल्यासारखी भाषा नसावी असे अनुमान मांडले. अनुमान मनोवेधक आहे, यात शंका नाही. पण नादियाला भाषा तरी कोठे फारशी आली? आणि विल्टशर यांना भाषा आली तेव्हा त्यांची चित्रे का आटली नाहीत? आई गेलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीचे चित्रातून मन उडाले, हे स्पष्टीकरण इतर कोणत्याही मुलीच्या बाबतीत आपल्याला आधी सुचले असते. नादियाच्या बाबतीत ते सर्वांत शेवटी सुचते. तिच्या घोड्यांचा उगम पुस्तकांतील चित्रांत होता, पण ती त्यांची दिशा पालटी, आकार बदली, नवे काही मिळवी, ही गोष्टही या चर्चेत मागे पडते. नादिया २०१५ साली वारली.

विल्टशर यांच्या बाबतीत ‘कॅमेरा’ या शब्दाचा फोलपणा दाखवावयास त्यांची चित्रेच पुरेशी आहेत. न्यूयॉर्कचे मज्जातंतुतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्यावर एक दीर्घ प्रकरण लिहिले आहे. या तरुणाने सॅक्स यांचे घर एकदा पाहून चित्र काढले. घर ओळखू येत होते, पण छपरावर एक धुराडे होते जे प्रत्यक्षात नव्हते; आणि दारापुढची फरची तीन झाडे व भोवतालचे कुंपण चित्रातून नाहीसे झाले होते. कॅमेऱ्याला धुराडे सुचत नाही आणि झाड नकोसे होत नाही. त्याहूनही बोलका पुरावा बालपणीचा आहे. शाळेतल्या पुस्तकात भूकंपाची छायाचित्रे पाहिल्यावर हा मुलगा भूकंपात कोसळलेल्या शहरांची काल्पनिक चित्रे काढू लागला. जे घडलेच नाही त्याचे छायाचित्र कोण घेणार?

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. शासकीय रेखाकला परीक्षांमुळे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांनी स्मरणचित्राचा पेपर दिला आहे. बाजाराचे किंवा बस थांब्याचे दृश्य काढावयास सांगितले म्हणजे स्मरण किती अपुरे पडते, हे त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे कोणाला बसवावयाचे, झाड कोठे घ्यावयाचे, कागदाचा कोणता भाग रिकामा सोडावयाचा, हे आठवण सांगत नाही. ते ठरवावे लागते. विल्टशर यांची स्मरणशक्ती असामान्य आहे हे कोणीही नाकारणार नाही. पण हेलिकॉप्टरमधील मिनिटे सारे मोजतात आणि पाचव्या वर्षापासून हाताने गिरविलेली वर्षे कोणी मोजीत नाही. ते लंडनच्या सिटी अँड गिल्ड्‌स कला विद्यालयात रीतसर शिकले, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. देणगी म्हटली की शिक्षणाची गोष्ट अडचणीची होते.

दुसरा मोठा गैरसमज भावनांचा. बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी १९८५ साली एक प्रयोग केला. एका बाहुलीची वस्तू तिच्या गैरहजेरीत दुसरीकडे ठेवली, तर परतल्यावर ती कोठे शोधील, असा मुलांना प्रश्न होता. ऑटिझम असलेल्या वीस मुलांपैकी सोळांचे उत्तर चुकले. प्रयोग महत्त्वाचा होता, पण त्याचा लौकिक अर्थ असा झाला की या लोकांना दुसऱ्याचे मन कळत नाही, सबब त्यांना मनच नाही, आणि म्हणून त्यांची कला कोरडी. स्वतः ऑटिझम असलेले इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली याला मार्मिक उत्तर दिले. न समजणे दुहेरी असते, असे त्यांचे म्हणणे आहे. ऑटिझम असलेल्याला इतरांचे मन उमगण्यात जितकी अडचण येते, तितकीच इतरांना त्याचे मन उमगण्यात येते. मात्र दोष एकाच्याच पदरी बांधला जातो. विल्टशर यांच्या चित्रापुढे उभे राहून ‘भावना दिसत नाही’ म्हणणाऱ्याने ही शक्यता निदान विचारात घ्यावी.

आता याच नाण्याची उलट बाजू. ऑस्ट्रेलियाच्या डोना विल्यम्स चित्रकार, शिल्पकार आणि लेखिका होत्या. लहानपणी त्यांना कधी बहिरी, कधी मनोविकारग्रस्त ठरविण्यात आले होते. ऑटिझमचे निदान झाले ते प्रौढपणी. १९९२ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध होऊन गाजले, तेव्हा जिला पुस्तक लिहिता येते तिला ऑटिझम कसा असेल, अशी शंका घेणारेही निघाले. म्हणजे बोलता आले नाही तर तुमची चित्रे लक्षणे, आणि बोलता आले तर तुमचे दुखणेच खोटे. या दोहोंच्या मधोमध कलावंताने उभे राहावे तरी कोठे? गंमत अशी, की जिवंत कलावंताकडे प्रमाणपत्र मागणारा हाच समाज न्यूटनला आणि मोझार्टला मरणोत्तर ऑटिझम बहाल करण्यास एका पायावर तयार असतो.

आपल्याकडे या गैरसमजांना चित्रपटांनी बरेच खतपाणी घातले. १९८८ च्या ‘रेन मॅन’मुळे ऑटिझम म्हणजे अचाट स्मरण व गणित, हे समीकरण जगभर रुजले. त्या पात्रामागची मुख्य प्रेरणा असलेल्या किम पीक यांना ऑटिझम नव्हता, हे मात्र रुजले नाही. २००७ च्या ‘तारे जमीन पर’मधील मुलगा चित्रांच्या स्पर्धेत पहिला येतो. त्याची अडचण वाचन-लेखनाची, म्हणजे डिस्लेक्सियाची होती. परंतु गप्पांत ती आणि ऑटिझम सर्रास एक होतात. परिणामी स्वमग्न मुलाच्या आईबापांना नातेवाईक हमखास विचारतात, “मग याच्यात काय विशेष आहे? चित्रे काढतो का?” रिमलंड यांच्या १९७८ च्या पाहणीत सुमारे दहा टक्के मुलांत असे एखादे ठळक कौशल्य आढळले होते, नंतरच्या पाहण्यांचे आकडे कमी-अधिक आहेत. पण दहा हाच आकडा धरला, तरी उरलेल्या नव्वदांनी कोणती भरपाई दाखवून आपले असणे समर्थनीय ठरवावयाचे? १९९५ च्या अपंगविषयक कायद्याच्या यादीत ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने तो नावानिशी घेतला आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस अपंगत्वांत त्याला स्थान मिळाले. त्या कायद्यात हक्कासाठी प्रतिभेची अट नाही. ती घरोघरच्या दिवाणखान्यांत आहे.

मराठीत याची एक चाचणी सोपी आहे. डॉक्टर सॅक्स यांना आपण सहज ‘ते’ म्हणतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या विल्टशर यांना तितक्याच सहज ‘तो’. ब्रिटनच्या राणीने २००६ साली त्यांना ‘एम.बी.ई.’ हा किताब दिला, त्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे दालन उघडले, तरी आपल्या बोलण्यात ते अजून क्वीन्समिलच्या वर्गातच बसलेले असतात. आणि लहान मुलाच्या चित्राला कोणी नावे ठेवीत नाही. विल्टशर यांच्यावरचे लेखन वाचताना हेच खटकते. चित्र किती तासांत झाले, खिडक्या बरोबर आहेत की नाहीत, एवढेच त्यात असते. चित्र चांगले आहे की नाही, हे क्वचितच. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची ती दहा-दहा मीटरची नगरचित्रे त्यांच्या सर्वोत्तम कामांत मोडत नाहीत. प्रेक्षकांपुढे, घड्याळ लावून केलेल्या त्या कामात कसरतीचा अंश अधिक आहे आणि नजर कोठे ठरावी हे पुष्कळदा कळत नाही. याउलट लहानपणी काढलेल्या लंडनच्या इमारतींच्या रेखाटनांत रेषा थरथरते, वेगाने पळते, मध्येच कंटाळते, आणि इमारत उभी राहते. कोणाला हे मत पटणार नाही. त्यांनी दोन्ही प्रकारची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत आणि वाद घालावा.