काटा वर गेला होता

माझी पस्तीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. समोरचा माणूस कुठला आकडा लपवतो आहे हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं, असा माझा समज होता. गेल्या पावसाळ्यात वराळ्याच्या एका गॅरेजमध्ये मी स्वतःच खोटं बोललो आणि एका लोखंडी पट्टीनं मला पकडलं.

निवृत्तीनंतर आम्ही तळेगावशेजारच्या या गावात राहायला आलो, तेव्हा जुनी डिझेल इंडिकाही बरोबर आली. १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आलेली ही गाडी इथून जवळच, पिंपरी-चिंचवडला तयार होत असे. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमची मुलगी याच गाडीवर चालवायला शिकली. त्यामुळे 'विकून टाका आता' असं कुणी म्हटलं, की घरात सगळे गप्प होतात.

पनवेलचं एक लग्न आटोपून परतताना बोरघाटात तापमानाचा काटा तांबड्या रेषेकडे सरकला. मला तो दिसला. पण मागे ट्रकची रांग, वरून पाऊस, आणि 'खंडाळा आलंच की' ही आशा! थोड्या वेळानं काटा आपोआप खाली आला, तेव्हा तर मी सौ.ला म्हणालो, "बघ, झाली गार." खंडाळ्याला पाहतो तो रेडिएटर कोरडा. त्याची जुनी रबरी नळी बदलायचं मीच वर्षभर टाळत आलो होतो. नळीला चिंधी बांधली, टपरीवरून पाणी आणून तापलेल्या इंजिनात तसंच ओतलं आणि कसंबसं घर गाठलं.

चार दिवसांनी पांढरा धूर येऊ लागला. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे, आणि तेलाची कांडी काढावी तर तेल दुधाळ चहासारखं. मिस्त्री तिशीतला, कमी बोलणारा. म्हणाला, "काका, हेड पॅकिंग गेलंय. गाडी तापली होती का?"

"छे! काटा वर गेलाच नाही."

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये बसणारी पातळ चकती म्हणजे हे पॅकिंग, पुस्तकी भाषेत हेड गॅस्केट. सिलिंडरमधला दाब, थंडाव्याचं पाणी आणि वंगणाचं तेल ही तीन खाती ते वेगळी ठेवतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीस-बावीस पट दाबली, की ती इतकी तापते की डिझेल आपसूक पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला हे यशस्वी करून दाखवलं. पुढे खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ मध्ये उभा राहिला, आणि आपल्या शेतकऱ्याला डिझेल इंजिन विहिरीवरच भेटलं. एवढा दाब सोसणारं पॅकिंग एकदा फाटलं, की तिन्ही खात्यांची सरमिसळ होते.

टायमिंग बेल्ट निघाला. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल झाले. हेड उतरलं. मिस्त्रीनं ते पुसून त्यावर सरळ पट्टी आडवी धरली आणि खालून पातळ फिलर सरकवला. तो सहज आत गेला. पाच शतांश मिलिमीटरएवढा फरकही अशा ठिकाणी जास्त मानतात. मिस्त्री काहीच बोलला नाही. मला वर बघवेना.

"काटा वर गेला होता," मी म्हणालो. "नंतर खाली आला, म्हणून चालवत राहिलो. वर गार पाणीही ओतलं."

"पाणी संपलं की काटा खाली येतो, काका. पाण्यात बुडालेलं सेन्सर कोरडं पडतं, मग ते काय सांगणार? नुसतं पॅकिंग टाकून दिलं असतं, तर महिन्यात परत आला असता. खरं सांगितलं की निम्मं काम तिथंच होतं."

हेड तळेगावला लेथवाल्याकडे गेलं. कुठे तडा नाही हे त्यानं दाबाखाली पाहिलं आणि अगदी बेतानंच फेसिंग केलं. डिझेलच्या हेडमधून फार धातू काढता येत नाही. नवं पॅकिंग योग्य जाडीचं, बोल्टही नवे. आता क्रम उलटा: मध्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं मोजून. रबरी नळीही बदलली. गाडी सुरू झाली, तेव्हा मिस्त्रीनं अर्धा तास इंजिनाकडे कान लावला. मी मात्र काट्याकडेच बघत होतो.

बिलाचा आकडा पाहून माझ्यातला बँकवाला कुरकुरला. जुन्या गाडीत एवढा पैसा? पण मी बुडवला तो पैसा घाटातच बुडवला होता, गाडी बाजूला घेतली नाही तेव्हा. कर्ज थकलं की लोक आधी हप्ता चुकवतात आणि मग फोन उचलत नाहीत, असं मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवत असे. काटा खाली आल्यावर सुटकेचा श्वास टाकणारा मी त्यांच्याहून वेगळा नव्हतो.

आता घाटात काटा जरा हलला, की सौ.च आधी म्हणते, "घ्या बाजूला." मी घेतो.