प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

नरडाण्याचे एक आप्पा गेल्या महिन्यात आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आले, ते दोन मुलांच्या आधाराने. सहा महिन्यांपूर्वी एसटीने एकटे आले होते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळ्या तीन आठवड्यांपासून बंद होत्या. धाकट्याने पिशवीतून डबा काढला. ‘‘डॉक्टरसाहेब, या आजारावर आता इम्युनिटीचा उपचार निघालाय म्हणे. म्हणून हे चूर्ण सुरू केलं.’’

त्याने वाचलेली बातमी खोटी नव्हती. अर्थ मात्र उलटा लावला होता.

मध्यमेंदूच्या एका काळसर भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मरत जातात तशी हालचाल मंदावते, हात थरथरतो. या पेशींत अल्फा सायन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, हे १९९७ मध्ये कळले. मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, हा कचरा उचलायला धावतात. पण त्या फार काळ चिडलेल्या राहिल्या, तर शेजारच्या चांगल्या पेशींनाही इजा करतात. कपाशीच्या राखणदारानेच पीक तुडवावे, तसे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना आढळले, की काही रुग्णांच्या रक्तातल्या टी-पेशीही याच प्रथिनाला शत्रू समजतात.

म्हणून संशोधक ही फौज वाढवायला नव्हे, आवरायला बघत आहेत. शरीरात तिला लगाम घालणाऱ्या टी-पेशीही असतात. नेब्रास्का विद्यापीठात सार्ग्रामोस्टिम हे औषध देऊन त्यांना बळ देता येते का, ते तपासले. रुग्ण अवघे वीस, त्यांतल्या निम्म्यांनाच औषध, तेही ५६ दिवस. हालचालीत थोडी सुधारणा दिसली. एवढ्यावर हुरळून जाण्यात अर्थ नाही. दुसरी वाट तयार अँटीबॉडी देऊन त्या प्रथिनाला गाठण्याची. प्रासिनेझुमॅब या अँटीबॉडीची चाचणी ३१६ रुग्णांवर वर्षभर झाली. २०२२ मध्ये निकाल आला, तेव्हा औषध आणि बिनऔषधाचे सलाइन यांत ठळक फरक नव्हता. तरीही काम थांबलेले नाही.

बाजारातल्या चूर्णाचा याच्याशी संबंध नाही. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते खरे, पण चमच्यात किती, ते कोण मोजणार? आणि लेव्होडोपाची गोळी अचानक थांबवली तर अंग लाकडासारखे ताठते, कधी जोराचा ताप येऊन जिवावर बेतते.

आप्पांना दाखल केले, गोळ्या पुन्हा सुरू केल्या, जेवणाच्या अर्धा तास आधी. चौथ्या दिवशी ते स्वतः उठून खिडकीपर्यंत गेले. डबा मी उलटसुलट करून पाहिला. त्यावर घटकांची यादीच नव्हती.