परदेशी पाहुण्याला सोबती कसा निवडावा?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात परदेशातून एखादा विद्यार्थी आला, तर त्याचे पहिले प्रश्न वर्गाबाहेरचे असतील: मेसचं तिखट, दवाखाना, बाजारातली भाषा. म्हणूनच अनेक विद्यापीठं नवख्याला स्थानिक सोबती देतात. पण कोणाला कोण?

समजा, २० पाहुणे आणि २० सोबती आहेत. प्रत्येकाने पसंतीची क्रमवार यादी दिली. चिठ्ठ्या टाकल्या, तर त्या यादीला अर्थच उरत नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२मध्ये वेगळा मार्ग दाखवला. तो स्थळं पाहण्यासारखा आहे. प्रत्येक पाहुणा आपल्या पहिल्या पसंतीला विचारतो. सोबती आलेल्यांपैकी सर्वांत आवडत्याला थांबवून ठेवतो, पण पक्का शब्द देत नाही. बाकीचे यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतात. नंतर अधिक आवडता कुणी आला, तर आधीचा सुटतो आणि तोही पुढचं नाव गाठतो. नकार थांबले, की होकार पक्के.

आता आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावंसं वाटणारे कोणी दोघं उरत नाहीत. यात विचारणाऱ्या बाजूचा फायदा जास्त होतो, म्हणून विचारण्याचा हक्क घर सोडून आलेल्यालाच मिळायला हवा.

२०१५पासून आयआयटी-एनआयटीच्या जागाही याच तत्त्वावर वाटल्या जातात. विचारणाऱ्याने क्रम खोटा देऊन काहीच साधत नाही. तेव्हा तिथले पर्याय भरताना 'कुठे लागेल' हा हिशेब सोडा आणि मनातला खरा क्रम लिहा.