चालण्याचा सामूहिक संकल्प

कचेरी असो, बँक असो वा शाळा, कामाचा बराच वेळ बसूनच जातो. या बैठेपणाचे मोल शरीराला द्यावे लागते. लंडनच्या बससेवेतील चालक व वाहक यांची तुलना डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली गाडीचा जिना सतत चढणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले.

चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात. म्हणून जेवणानंतरची छोटी फेरीही उपयुक्त ठरते. नियमित चालण्याने रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते, झोप सुधारते व मनावरील ताण हलका होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाची शिफारस केली. रोज दहा हजार पावलांचा आकडा मात्र वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. त्याहून कमी पावलांनीही लाभ होतो.

हे ठाऊक असूनही एकट्याचा नेम लवकर मोडतो. सोबत असली की तो टिकतो. सामूहिक व्यायामाची परंपरा या भागाला नवी नाही. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून रुजविले. त्या संस्थानातील औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे.

हीच परंपरा चालण्याच्या स्पर्धेच्या रूपाने कार्यालयांत आणता येईल. मात्र केवळ पावले मोजणे न्याय्य ठरणार नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याची चढण आणि सांगलीत कृष्णाकाठची सपाट वाट यांवरील तेवढ्याच पावलांचे श्रम सारखे नसतात. त्यामुळे पथके करून, आठवड्यातील किती दिवस प्रत्येकजण तीस मिनिटे चालला, एवढेच नोंदवावे. ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांच्या अन्य व्यायामाची मिनिटेही धरावीत.

सहभाग ऐच्छिक असावा. मागे राहिलेल्यांची नावे फलकावर लावू नयेत. छातीत दुखणे, दम लागणे असा त्रास असणाऱ्यांनी व इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उन्हाळ्यात सकाळची वेळ निवडावी.

यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक व सरपंच स्वतः चालू लागले, तर सहकाऱ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. स्पर्धा महिन्याभरात संपेल. सवय मात्र उरावी, हेच तिचे खरे यश होय.