जगाच्या तव्यावर (भाग ७) : अल्जीरियाची केसरा

मागच्या आठवड्यात मोरोक्कोच्या मसमन या पोळीच्या घड्या घातल्या. आता तिथून पूर्वेला, अल्जीरियात जाऊ. तिथल्या घराघरातल्या तव्यावरच्या भाकरीला केसरा म्हणतात. काबिली डोंगरातली माणसं आपल्या भाषेत भाकरीला आगरूम म्हणतात. यीस्ट घालून फुगवलेली जाड, लुसलुशीत ती मतलू. बिनयीस्टची, चपटी, तुकडा मोडताना भुरभुरणारी ती रखसीस. आज आपण रखसीस करणार आहोत. तिला लागतं काय, तर रवा, ऑलिव्ह तेल, मीठ आणि पाणी.

रव्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ही भाकरी कणकेची होत नाही. भूमध्य समुद्राच्या काठी, कोरड्या हवेत, शतकानुशतकं ड्युरम गहू पिकत आला आहे. त्याचा दाणा इतका टणक असतो, की दळताना त्याचं मऊसूत पीठ होण्याऐवजी पिवळसर, काचेसारखे कण पडतात; तोच हा रवा. उत्तर आफ्रिकेची सगळी पाककला या कणांभोवती उभी आहे. कुसकुस हा पदार्थ याच कणांचा. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांनी मिळून अर्ज केला आणि २०२० मध्ये युनेस्कोने कुसकुसच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. केसराला असा मान अजून मिळालेला नाही, पण रोजच्या ताटात तिची जागा कुसकुसपेक्षा कमी नाही.

१८३० मध्ये फ्रेंच अल्जीरियात उतरले, तेव्हा तिथली मुख्य धान्यं ड्युरम गहू आणि जव ही होती. वसाहतवाल्यांनी पावासाठी लागणाऱ्या मऊ गव्हाची शेती वाढवली आणि शहरांत बॅगेट रुळला. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, फ्रेंच गेले, बॅगेट राहिला. आजही तिथल्या बेकरीतून माणसं काखेत बॅगेट घेऊन घरी जाताना दिसतात. तरीही घरातला तवा थंडावला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रमजानात तर मतलूला विशेष मागणी असते. बाजारात तयार पाव मिळत असताना घरातल्या बाया रवा चोळायला बसतात, त्या चवीच्या आग्रहामुळेच.

ड्युरम आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जातो तो गहू ड्युरमच, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ड्युरमचे सुधारित वाणही दिले आहेत. तेव्हा शक्यतो बन्सी रवा आणा. तो जाड असेल तर मिक्सरमधून थोडा फिरवा. कण बारीक व्हावेत, पण पीठ होऊ देऊ नका. नेहमीचा बारीक रवाही चालतो. त्याची भाकरी फिकट आणि थोडी मऊ होते.

दोन भाकऱ्यांसाठी २५० ग्रॅम रवा परातीत घ्या. त्यात पाऊण चमचा मीठ आणि आवडत असेल तर चमचाभर कलौंजी घाला. मग ६० मिलिलिटर ऑलिव्ह तेल. या मोहनात केसराचं सगळं मर्म आहे, म्हणून घाई नको. दोन्ही तळव्यांत रवा घेऊन हळूहळू चोळत राहा. प्रत्येक कणाला तेल लागलं पाहिजे. मूठ आवळली की मुटका व्हावा आणि बोट लावताच तो मोडावा. झाकून अर्धा तास ठेवा.

हे का करायचं, ते समजून घेण्यासारखं आहे. पोळीची कणीक आपण मळून मळून मऊ करतो, कारण गव्हातल्या ग्लुटेनचे धागे लांब आणि लवचीक व्हावेत, पोळी पातळ लाटली जावी असं आपल्याला हवं असतं. केसराला नेमकं उलटं हवं. कणावर तेलाचा थर असला की पाणी आत जपून शिरतं, धागे आखूड राहतात आणि भाजल्यावर भाकरी चामट न होता खुसखुशीत होते. पाणी आधी आणि तेल नंतर घातलं, तर साहित्य तेच राहूनही भाकरी दुसरीच होते.

आता १२० ते १४० मिलिलिटर कोमट पाणी शिंपडत शिंपडत घाला आणि बोटांच्या टोकांनी रवा गोळा करत आणा. मळू नका. पोळ्या करणाऱ्या हातांना हा संयम जड जातो, पण तो पाळा. पंधरा मिनिटांत रवा पाणी पितो. गोळा कोरडा वाटला तर आणखी थोडा हबका मारा. दोन भाग करून प्रत्येक भाग तळहाताने थापा किंवा हलक्या हाताने लाटा. जाडी अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जास्त असावी. कडा चिरतील, त्या तळव्याने दाबून गोल करा.

अल्जीरियात केसरासाठी मातीचा तवा वापरतात. त्याला तिथे ताजीन म्हणतात. मोरोक्कोतल्या शंकूच्या झाकणाच्या ताजीनशी त्याची गल्लत करू नये. पुष्कळदा या तव्यावर बारीक उंचवटे असतात, त्यामुळे भाकरी पूर्ण चिकटून बसत नाही आणि खालची वाफ निघून जाते. काबिलीतल्या बाया असे तवे चाकाशिवाय, हातानेच घडवत आल्या आहेत. आपल्याकडे बिडाचा जाड तवा उत्तम. तो चांगला तापवा, मग आच मध्यमहून कमी करा. भाकरी टाकून काट्याने टोचे मारा, अधूनमधून फिरवत राहा. चार-पाच मिनिटांत तपकिरी ठिपके आले की उलटा. शेवटी भाकरी उभी धरून तिची कड तव्यावर फिरवत भाजा. ही पायरी गाळली, तर कडेला कच्चा रवा दाताखाली येतो.

सोबत हमीस करा. ढोबळी मिरची, एखादी तिखट मिरची आणि टोमॅटो विस्तवावर काळे होईस्तोवर भाजून सोला, चिरा, आणि लसूण, मीठ व ऑलिव्ह तेलात पाणी आटेपर्यंत परता. शेजारी पेलाभर ताक असावं. अल्जीरियातही केसराबरोबर ताक पितात. बू सादा या वाळवंटाच्या वेशीवरच्या गावात रखसीसचे तुकडे लाकडी खलात मिरची, लसूण, टोमॅटो आणि कोथिंबिरीबरोबर कुटून खातात. तिखट सोसत असेल तर उरलेल्या भाकरीचं तेच करा.

पुढच्या आठवड्यात बगरीर, एकाच बाजूने भाजायची, जाळीदार. तिच्यासाठी बारीक रवा, मैदा आणि कोरडं यीस्ट आणून ठेवा.