पायाचा विकार आणि हृदयरोगतज्ज्ञ

"जखम पायाला, मग हृदयरोग विभागात कशासाठी पाठविले?" असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आमच्या कार्यालयात येऊन वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. वाणिज्य शाखेतून आलेल्या आम्हांलाही आरंभी तो पडला होता.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साचून जसा अडथळा निर्माण होतो, तसाच तो पायांतही होतो. चालताना पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते. वय झाले म्हणून घरचेही गप्प बसतात. मधुमेहींना तर बधिरतेमुळे पुष्कळदा वेदनाच जाणवत नाही. अंगठा काळा पडल्यावर ते आमच्या दारी येतात, तेव्हा अनेकदा पाय कापण्यावाचून उपाय उरलेला नसतो. संमतिपत्रावर मुलाची सही घेण्याचे ते काम आम्हांस कधीही सवयीचे झालेले नाही.

वास्तविक प्राथमिक तपासणी सोपी आहे. घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागावयाचे, उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास विकार समजावा. (हा हिशेब मात्र आम्हांला लगेच उमगला.) मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्यास आकडा फसवा येतो, म्हणून अंगठ्याचा दाब पाहावा लागतो.

रक्तवाहिनी आतून रुंद करण्याची विद्या मुळात पायाचीच. १९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या वृद्धेचा पाय अशा रीतीने वाचविला. झुरिक येथे डॉ. ग्रुंट्झिग यांनी १९७४ मध्ये पायाच्या आणि १९७७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा वापरला.

तथापि प्रत्येकाला फुग्याची गरज नसते. काहींना बायपाससाठी रक्तवाहिनी शल्यविशारदच लागतात, तर अनेकांना नियमित चालण्याने आराम पडतो. हृदयरोगतज्ज्ञांचे मोठे काम निराळेच आहे. अशा रुग्णाला पायापेक्षा हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका अधिक असतो. म्हणून हृदयाची तपासणी, कोलेस्टेरॉल व रक्तदाबावरील औषधे, गुठळी रोखणारी गोळी आणि तंबाखू-मिश्रीपासून सुटका हे सारे त्यांच्याकडे येते. चालताना होणाऱ्या वेदनेवरील सिलोस्टॅझॉल हे औषध हृदय दुर्बल असलेल्यास देता येत नाही, हेही त्यांनाच पाहावे लागते.

मधुमेह बाह्यरुग्ण विभागात आता परिचारिका प्रत्येक रुग्णाचे मोजे उतरवून दोन्ही पावलांची नाडी पाहतात. त्यासाठी शुल्क आकारले जात नाही.